कानमास्तरांच्या बाजूची साक्ष

कानमास्तर हे नाव त्यांना कुणी दिलं ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण एकेचाळीस वर्षांत ते खोटं आहे असंही कुणी म्हटलं नव्हतं. पियानो दुरुस्त करणं आणि सुरात लावणं हा त्यांचा धंदा. रस्त्यावरून गेलेल्या सायकलच्या घंटीचा सूर ते सांगत, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगत. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोला सांगितलं होतं की, तू माहेरून आणलेलं पातेलं वाजतं छान, पण जरा उतरलेलं आहे. बायकोने ते आजवर माफ केलेलं नाही. विसरलेलीही नाही, कारण लक्षात ठेवणं हा तिचा स्वभाव होता आणि जे लक्षात ठेवायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणं ही तिची शिस्त. दूध फाटलं, नळ गळला, जावई न सांगता आले, सगळं त्या त्या तारखेच्या चौकटीत. मास्तरांच्या कानांपेक्षा घरात त्या कॅलेंडरचा दरारा जास्त होता.

तर अशा मास्तरांनी लावलेला पियानो नापास झाला. एकदा नाही, दोनदा.

पियानो शाळेचा होता. तारांवर पडणाऱ्या हातोड्यांचं फेल्ट, म्हणजे लोकरीचं आवरण, झिजलं म्हणून तो मास्तरांच्या दुकानात आणून ठेवला होता. फेल्ट बदललं, तारा लावल्या, आणि सायन्सच्या बाई तो तपासायला आल्या. संगीताचे शिक्षक नोकरी सोडून गेल्यापासून शाळेने संगीताचा तासही याच बाईंच्या गळ्यात मारला होता. "बाई, तुम्हाला पेटी येते ना, मग हेही तसंच," असं मुख्याध्यापक म्हणाले होते. बाईंनी उभ्याउभ्याच एक धून वाजवली आणि मधेच थांबल्या. पुन्हा वाजवली, पुन्हा त्याच ठिकाणी थांबल्या.

"मास्तर, माझंच काही चुकत असेल," त्या म्हणाल्या, "पण हे मधले चार सूर..."

"चार?"

"हे, हे, हे आणि हा."

मास्तरांनी ऐकलं. चारही सूर चढलेले होते. भर दुपारी, दुसऱ्याच्या बोटाखाली ते स्वच्छ ऐकू येत होतं. आणि आदल्या संध्याकाळी हेच सूर त्यांनी स्वतः, जीव ओतून लावले होते.

त्यांनी ते पुन्हा लावले. आठवड्याने बाई पुन्हा आल्या. तेच चार सूर, आणि या वेळी आणखी वर.

त्यावर मुलगी बोलली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि वडिलांवर तिचा जीव होता, म्हणून तिने तो विषय जेवताना काढला नाही, भांडी घासताना काढला.

"बाबा, मी सूर मोजायचं मीटर आणून देते. फोनवरसुद्धा येतं हल्ली. सुई मधे आली की झालं."

"सुईला कळतं होय?"

"तुम्हाला तरी कुठे कळलं दोनदा?"

मास्तरांनी मग स्वतःच सांगून टाकलं की, तिसऱ्यांदा चुकलं तर पाटी उतरवीन, शटर खाली ओढीन आणि चावी तुझ्या हातात देईन. मुलीला एवढं नको होतं. पण मास्तरांच्या तोंडून गेलेला शब्द बायकोने लगेच कॅलेंडरवर चढवला, शाळेच्या कार्यक्रमाच्या आधीच्या शनिवारच्या चौकटीत: 'पियानो. शेवटचं.' आता मागे फिरायची सोय उरली नाही.

गोंधळ असा होता की, मास्तरांना चूक दिसत होती, पण ती होत कशी होती ते दिसत नव्हतं.

पियानोच्या एकेका सुराला तीन तीन तारा असतात. दोन तारा सारख्या नसल्या की त्या एकत्र वाजवल्यावर आवाजात एक लाट येते, वॉव-वॉव-वॉव. खुंटी पिळत गेलं की लाट संथ होते, आणखी संथ होते आणि नाहीशी होते. ती नाहीशी झाली की तारा जुळल्या. मास्तरांची सगळी विद्या या लाटेत होती. आता संध्याकाळी रस्ता शांत झाला की ते पियानोसमोर बसत, तार छेडत, आणि लाट नाहीशी झाली असं वाटतं ना वाटतं तोच आतून पुन्हा काहीतरी यायचं. बारीक, खरखरीत, थांबून थांबून. ते खुंटी आणखी पिळत. खरखर थांबे. ते हुश्श करत. सकाळी सूर चढलेला असे.

आणि कहर म्हणजे एकदा त्यांनी तार छेडलीच नव्हती, तरी ती खरखर आली.

"अगं, ऐकलंस?" त्यांनी हाक मारली.

बायको स्वयंपाकघरातून दुकानात आली. दुकान म्हणजे घराचीच पुढची लांबट खोली, जमीन जुन्या फळ्यांची, पाय टाकला की टोकापर्यंत दणदण. ती येऊन उभी राहिली. आवाज बंद.

"काय ऐकू?"

"आता थांबलं."

"मी आले की थांबतं. मी गेले की येतं. असा आवाज मी पहिल्यांदाच पाहतेय."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, तिने कान देऊन ऐकलं, तेव्हाही बंद. मास्तर एकटे असले की आवाज हजर, माणूस आलं की गायब. तीन दिवसांत मास्तरांची अशी अवस्था झाली की, नळ ठिबकला तरी ते आधी बायकोच्या चेहऱ्याकडे बघत, तिलाही ऐकू आलं का ते पाहायला.

शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मास्तरांना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "तुमच्या मशीनचा तिसरा आवाज किंचित चढा आहे."

"मी बटण दाबायला सांगितलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी आलेख दाखवला. अगदी वरचे सूर गेले होते, वयाप्रमाणे. मधले ठीक. "पण कानात खरखर येते म्हणता ना, तसं होतं. वरचं ऐकू येईनासं झालं की मेंदू स्वतःच काहीतरी वाजवत बसतो. कधी येतं, किती वेळ येतं, त्याची नोंद ठेवा."

नोंद ठेवायची जबाबदारी बायकोने न मागता घेतली. ज्या दिवशी मास्तर "ऐकलंस?" म्हणतील त्या दिवशी चौकटीत एक निळं टिंब.

तीन आठवड्यांनी ती कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभी होती. मधेच ती चष्मा काढायची, पुसायची, पुन्हा लावायची.

"अहो, तुमच्या कानाला फक्त पाणी भरल्यावरच आवाज येतो का?"

"काय?"

"हे बघा. हे 'पा' म्हणजे तुम्ही पियानोत पाणी भरलंत तो दिवस. तुम्ही विसरता म्हणून मी लिहिते. 'पा', आणि दुसऱ्या दिवशी टिंब. 'पा', टिंब, टिंब. मग चार दिवस तुम्ही भरलंच नाही, टिंब नाही. पुन्हा 'पा', पुन्हा टिंब."

यातलं पाणी सांगायला हवं. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि पियानोची फळी तडकते. म्हणून मास्तरांच्या गुरूंची जुनी युक्ती अशी की, पियानोच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवायचा, झाकणाला अंगठा जाईल एवढं भोक पाडायचं, आत स्पंज आणि पाणी. ओल हळूहळू लाकडाला मिळते. मास्तर चार-पाच दिवसांनी तो डबा भरत.

"मेंदूला काय कळतंय मी डबा कधी भरला ते," मास्तर म्हणाले.

"तुमच्या मेंदूचं मला काय विचारता. मी तारखा सांगतेय."

मास्तरांनी पियानोचा खालचा दरवाजा काढला. डबा जागेवर होता. त्यांनी टॉर्च मारला. झाकणावर, भोकाच्या कडेला, सुकलेल्या चहापत्तीच्या गोळ्यासारखं काहीतरी चिकटलं होतं. बायको म्हणाली, फेल्टचा तुकडा पडलाय. मास्तरांनी चिमटा पुढे केला. तुकड्याने डोळे उघडले.

दोघंही एकदम मागे सरकली.

"पाल आहे."

"पालीला शेपूट असतं."

"तुटलं असेल."

"बेडूक आहे गं. बघ कसा बसलाय."

"एवढासा? आणि बेडूक हिरवा असतो."

"तू किती पाहिलेस?"

"तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही पाहता कुठे, तुम्ही नुसतं ऐकता."

तपकिरी, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा, पोट टम्म, बोटांची टोकं टाचणीच्या माथ्यासारखी गोल. मास्तर फळीवर मांडी घालून बसले आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. महिनाभर ते ज्याला आपलं म्हातारपण समजत होते त्याला चार पाय होते. त्यांना हसू आलं, पण ते पुरतं येईना, कारण खात्री कुठे होती? बेडूक सापडला म्हणजे आवाज त्याचाच, हे कुणी सांगावं? आणि घरात झाड नाही, डबकं नाही, हा आला कुठून?

सांगू शकतील असं एकच माणूस होतं, आणि ते माणूस शनिवारी येणारच होतं.

शनिवारी दुपारी सायन्सच्या बाई आल्या त्या पियानोसाठी, पण निरोप गेल्यामुळे पिशवीत जाडजूड पुस्तक होतं. मुलगीही आली होती; वडिलांची पाटी उतरली तर धरायला कुणीतरी हवं, असं ती आईला म्हणाली. बेडूक काचेच्या बरणीत होता, तोंडाला जाळीचं कापड, तळाशी ओला कापूस.

बाईंनी बरणी उचलली आणि म्हणाल्या, "तुम्ही तपकिरी म्हणाला होतात."

सगळ्यांनी पाहिलं. बेडूक फिका पिवळसर होता, जवळजवळ पांढरा.

"सकाळी तपकिरी होता," मास्तर म्हणाले.

"मी सांगते ना, तपकिरीच होता," बायको म्हणाली. "तसं लिहिलंय मी."

मुलीने आईवडिलांकडे आळीपाळीने पाहिलं. तिच्या नजरेत आता कानांबरोबर डोळ्यांचीही काळजी आली.

बाईंनी पुस्तकात पांढरट बेडकांचं पान काढलं. जुळेना. मग पिवळ्यांचं काढलं. एक जुळत होता, पण तो तळहाताएवढा होता. बाई पानं उलटत होत्या, मास्तर त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते, आणि तेवढ्यात बायकोने बरणी बाजूच्या काळपट पियानोवर ठेवली, टेबल पुसायला. पाच-दहा मिनिटांनी मुलगीच म्हणाली, "आई, हा पुन्हा तपकिरी झाला."

"थांबा," बाई म्हणाल्या. "हलवू नका त्याला. पांढऱ्या कापसावर पांढरा, लाकडाजवळ लाकडासारखा. रंगावर जायचंच नाही. रंग सोडून बोला. बोटांची टोकं?"

"गोल."

"म्हणजे झाडावरचा. डोळ्यांच्या मधे पट्टा?"

"आहे. आणि पाठीवर असा डाग, वरून रुंद, मधे बारीक, खाली पुन्हा रुंद."

बाईंचं बोट एका चित्रावर थांबलं. छोटा, तपकिरी, झाडावरचा. त्या वाचू लागल्या. "राहण्याची जागा: उंच, जुन्या झाडांच्या ढोल्या, जिथे पाणी साचतं. जमिनीवर क्वचित. घरात आढळत नाही." त्यांनी मान वर केली. "घरात आढळत नाही म्हणतंय."

"आढळला की," बायको म्हणाली.

"पण झाड कुठाय इथे?"

मास्तरांनी मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. परसात एक रुंद बुंधा उरला होता, बसायला स्टूल व्हावा तेवढा उंच. मुळं पाइपात शिरली म्हणून गेल्या वर्षी झाड पाडलं होतं. त्याला मधोमध ढोली होती, हेही मास्तरांना आता आठवलं.

बाई बुंध्याकडे बघत राहिल्या, मग पियानोकडे. "लाकूड. आत पोकळ. अंधार. तळाला पाणी, आणि तुम्ही ते आटू देत नाही. मास्तर, त्याच्या हिशेबाने हे झाडच आहे. जरा बुटकं."

मास्तर पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. "आवाजाचं काय लिहिलंय?"

"'सुक्या लाकडावर नख ओढल्यासारखा. चार-पाच वेळा, थांबून थांबून. आपल्या सुराजवळच्या आवाजांना उत्तर देतो. कंप जाणवल्यास गप्प होतो.'"

मास्तरांनी पियानोच्या कडेवर नख ओढलं. खर्र. खर्र. खर्र. मग थांबून, खर्र. "हे," ते म्हणाले. "हेच. मी याला लाट समजलो. ते थांबेपर्यंत खुंटी पिळत राहिलो."

मुलीने वडिलांच्या दंडावर हात ठेवला. बायकोने पदराने उगाच बरणी पुसली. सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं, आणि बाईंनी खात्री करायला म्हणून बरणी उंच धरून खालून पाहिलं. पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पुस्तक पाहिलं, पुन्हा बेडकाचा गळा पाहिला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"बाई, तुम्ही चार सुरांच्या वेळीसुद्धा अशाच थांबला होतात."

बाईंनी बरणी खाली ठेवली. "नराच्या गळ्याखाली सैल कातडं असतं, काळपट. ते फुगवून तो आवाज काढतो. हिचा गळा बघा. पांढरा, घट्ट. पोटही भरलेलं आहे. ही मादी आहे." त्या जरा थांबल्या. "मादी आवाज काढत नाही, मास्तर."

मास्तरांचा लाकडावरचा हात तसाच राहिला. मग मी महिनाभर काय ऐकलं? नख ओढल्यासारखं, थांबून थांबून, पुस्तकात लिहिलंय अगदी तसंच. पण जिच्या तोंडून ते यायला हवं तिला आवाजच नाही. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच खरं? मेंदू वाजवत होता, आणि ही बिचारी योगायोगाने पाण्यावर आली? की दोन्ही? त्यांना काही धरता येईना. मुलीने आईकडे पाहिलं. आईने कॅलेंडरकडे.

"बाई," बायको म्हणाली, "आवाज काढत नाही तर मग ही इथे आली कशाला?"

"अंडी घालायला. ढोलीत."

"ते कळलं. पण आत ढोली आहे हे हिला बाहेरून कुणी सांगितलं? पियानोला खिडकी आहे का?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मग पुस्तक उघडलं. बोटाने ओळ शोधत त्यांनी हळू वाचलं. "'ढोलीत पाणी भरलं की नर आत बसून हाक देतो. मादी त्या आवाजाच्या रोखाने दुरून येते.'"

"म्हणजे हिला ऐकू येत होतं," बायको म्हणाली.

मुलगी म्हणाली, "म्हणजे आत अजून एक आहे?"

शोधला. डब्यात नव्हता, बाहेरही सापडला नाही. हातोड्यांच्या मागे, पेडलच्या दांड्यांत, फळीच्या फटीत, अंगठ्याच्या पेराएवढ्या लाकडी रंगाच्या जिवाला लपायला पियानोत हजार जागा. शेवटी मादीला डब्यात सोडून दिलं, आणि बाई म्हणाल्या, ऊन कलू द्या.

संध्याकाळी चौघंही दुकानात बसली. तिघी स्टुलांवर, पाय वर घेऊन, फळीला धक्का लागू नये म्हणून. मास्तर पियानोसमोर. मीटर नाही, सुई नाही. त्यांनी पहिला सूर छेडला, लाट आली, खुंटी हलकीच सैल केली, लाट संथ झाली, गेली. आणि मग ते थांबले. हात खुंटीवरून काढून मांडीवर ठेवला.

"आलं?" मुलीने कुजबुजत विचारलं.

मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी खुंटी थोडी पिळली, परत आणली. तारेची लाट पीळ दिला की बदलते, हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ माणसालाही कळतं. ती खरखर बदलत नव्हती. खुंटी हलली की गप्प व्हायची, थोड्या वेळाने जशीच्या तशी यायची. इतकं साधं. महिनाभर हे त्यांना कसं कळलं नाही? कळलं नाही, कारण त्यांनी कानावरचा विश्वास काढून खुंटीवर ठेवला होता. पहिल्याच रात्री स्वतःला म्हातारं ठरवून टाकलं, मग सगळी खरखर आपलीच.

एकेक करत त्यांनी चारही सूर लावले. मधे मधे थांबत, कुणी आधी बोलून घ्यावं म्हणून आपण गप्प बसावं तसे. अंधारायच्या आत झालं. बाईंनी पियानोवर बसून ती धून वाजवली. त्या ठिकाणी आल्या. थांबल्या नाहीत. शेवटपर्यंत वाजवून मग म्हणाल्या, "सोमवारी टेम्पो पाठवते. डबा मात्र तुमच्याकडे ठेवा, बुंध्यावर लाकडी खोक्यात. पण तो नर शाळेत निघाला तर मी मुलांना काय सांगू?"

"तुमचाच विषय आहे," मास्तर म्हणाले. "दोन्ही विषय तुमचेच."

मुलीने जाताना चपला घालत हळूच सांगितलं, "बाबा, मला काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं हं. की तुम्ही म्हणालात म्हणून वाटलं, ते कळेना."

सगळे गेल्यावर मास्तर स्वयंपाकघरात आले. बायको कॅलेंडरसमोर होती. शनिवारच्या चौकटीतल्या 'शेवटचं' या शब्दावर तिने नीट, पट्टी धरून रेघ मारली होती. शेजारी दोन टिंबं होती.

"दोन?"

"एक तुमचं."

"आणि दुसरं तुझं?" मास्तर कॅलेंडरजवळ सरकले.

"माझं कसं? मला काहीच ऐकू आलं नाही," बायको टोपण लावत म्हणाली. "मी खोटं लिहीत नसते. ते तिचं. डब्यातलीचं."